बर्फावरची काजळी

एकोणीसशे त्र्याण्णव सालचा जानेवारी. अंटार्क्टिकावरच्या आमच्या स्टेशनात मी बाटल्या धूत होते. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट डबा होता. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. दारावर टकटक झाली आणि सुभेदार चौगुल्यांनी डोकं आत घातलं.

"बाई, वाईच कापूर हाय का?"

"कापूर? सर्दी झाली का तुम्हाला?"

"न्हाय वो. आमचा संपला. बोटीत दर्या खवळला तवा पोरांनी रोज आरत्या केल्या. त्यात गेला सगळा."

माझ्याजवळ कापूर होता. आईने निघताना दोन प्रकारचा दिला होता. एक पुरचुंडी, सर्दी झाली तर हुंगायला, ती मी गळ्यात अडकवलेली असे. आणि एक पत्र्याची डबी, झाकणावर गणपती, आत एकसारख्या पांढऱ्या वड्या. मी डबी काढून चौगुल्यांच्या हातात दिली आणि पुन्हा बाटल्या धुवायला लागले. कशाला हवा ते विचारलं नाही. जेवणघराच्या कोपऱ्यात जवानांनी छोटासा देव्हारा मांडला होता, त्यासाठीच असणार.

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. पुण्याच्या एका संस्थेत वीस वर्षं रसायनांचं काम केलेलं, पण नेहमी कुणाच्या तरी हाताखाली. पाच शोधनिबंधांत माझं नाव शेवटून दुसरं आलं होतं आणि एकात तर 'यांचेही आभार' एवढंच. या मोहिमेत मात्र एक काम पहिल्यांदा माझ्या नावावर होतं: बर्फात किती काजळी आहे ते मोजायचं. मोहिमेचे प्रमुख डॉ. वेलणकर बोट सुटतानाच म्हणाले होते, "खानझोडेबाई, यातून काही निघालं तर पहिलं नाव तुमचं. आणि पहिलं नाव आलं की बढतीच्या मुलाखतीत तुम्हाला कुणी अडवत नाही." ते वाक्य मी आठ हजार मैल मनात घोळवत आले होते.

कामाची रीत साधी होती. वरचा चार बोटं बर्फ स्टीलच्या चमच्याने बाटलीत भरायचा, बंद खोलीत वितळवायचा, ते पाणी हातपंपाने बारीक फिल्टर पेपरातून ओढायचं. पाण्यात काजळी असली तर ती कागदावर राहते आणि कागद करडा होतो. किती करडा, ते एका पट्टीशी ताडून पाहायचं. पट्टीवर सात गोल कागद चिकटवलेले होते. पहिला कोरा, सातवा पावसाळी ढगासारखा. मधल्यांवर मोजून-मापून काजळी घातलेली.

ती पट्टी मी अमरावतीला, आमच्या घरी तयार केली होती, कंदिलाच्या काजळीपासून. वात मोठी करायची, काच काळी होऊ द्यायची आणि ती खरवडून घ्यायची. लहानपणी आमच्याकडे वीज नव्हती. रोज संध्याकाळी राखुंडीने चार कंदिलांच्या काचा पुसणं हे माझं काम असे. बोटांच्या चिमटीत घेतलं की मला डोळे मिटून सांगता येई: धूळ असेल तर करकरते, काजळी असेल तर लोण्यासारखी पसरते. आई दारात उभी राहून माझं ते खरवडणं बघत होती. म्हणाली, "इतकं शिकली पोट्टी, अन् अजून काचाच पुसून राह्यली."

बर्फाचे नमुने घ्यायचे होते स्टेशनपासून दक्षिणेला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे. दोन, पाच, दहा, पंधरा, वीस आणि पंचवीस किलोमीटरवर. आमच्या स्टेशनचा जनरेटर दिवसरात्र धूर ओकत असे. वारा कधी फिरला की तो जवळच्या बर्फावर पडणारच. जसजसं लांब जाऊ तसतसा कमी व्हायला हवा. त्यापलीकडेही काजळी सापडली, तर मात्र ती आमची नव्हे, समुद्र ओलांडून आलेली. कुठल्या तरी वणव्याची, गिरणीची, चुलीची. वेलणकरांना तीच शोधायची होती.

दहा किलोमीटरपर्यंत मी स्वतः गेले. पुढे वेलणकरांनी जाऊ दिलं नाही.

"तिकडे बर्फाला भेगा आहेत, बाई. वरून काही दिसत नाही, गाडी सरळ आत जाते. तुम्हाला काही झालं तर मी तुमच्या आईला काय तोंड दाखवू?"

"आणि चौगुल्यांना झालं तर?"

"चौगुले फौजी आहेत," ते म्हणाले, आणि विषय संपला.

मग मी चौगुल्यांनाच शिकवलं. ते मूळचे कागलचे, विहिरी खणणाऱ्या घरातले. फौजेत गाड्या आणि इंजिनं सांभाळायचे. पस्तिशी-चाळिशीतला, रुंद हाडाचा, हळू बोलणारा माणूस. मी त्यांना अकरा कलमांची सूचना लिहून दिली. गाडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला पन्नास पावलं मागे उभी करायची. इंजिन बंद. पुढे चालत जायचं, वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं. हातमोजे नवे. आदल्या दिवसापासून विडी ओढायची नाही.

"आदल्या दिवसापासून?" त्यांनी विचारलं.

"श्वासातून, कपड्यांतून येतो धूर. आपण जे मोजतोय ते फार थोडं असतं. एका मोठ्या हौदभर बर्फात मोहरीच्या दाण्याएवढी काजळी असली तरी पुरते."

"पुरते म्हंजे, कशाला पुरते?"

"पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, म्हणून टिकतो. त्यात काळं मिसळलं की तो ऊन धरून ठेवतो. थोडा तापतो, त्याचा दाणा मोठा होतो, मोठा दाणा आणखी ऊन धरतो. बर्फ वितळायला लागला की काजळी पाण्याबरोबर जात नाही, वरच साचते. मग आणखी काळं, आणखी ऊन."

चौगुले म्हणाले, "आमच्याकडं लेकराला काजळाची तीट लावत्यात, दृष्ट लागू नये म्हणून. हितं उलटंच हाय की. तीट लावली की दृष्ट लागती."

मी हसले. पुढे आयुष्यभर विद्यार्थ्यांना मी हे त्यांच्याच शब्दांत सांगत आले.

बारा जानेवारीला ते पंधरा, वीस, पंचवीस अशा तिन्ही जागांवर जाऊन आले. बरोबर बिनतारीवाला एक जवान होता, तो गाडीतच बसून राहिला. सुभेदारांनी बाटल्या माझ्यापुढे मांडल्या. झाकणं मेण लावून बंद, प्रत्येकीवर गोल अक्षरात आकडा आणि वेळ. "विडी दोन दिवस वढली न्हाय," ते म्हणाले. "बिनतारीवाल्याला इचारा."

मी बाटल्या एकेक करून वितळवल्या. खोलीत कापराचा वास आला. मी गळ्यातली पुरचुंडी स्वेटरच्या आत सारली आणि कामाला लागले.

दोन किलोमीटरचा कागद करडा निघाला होता, पाचचा फिकट, दहाचा कोरा. ते ठीकच होतं. पंधराचा काढला आणि मी तो दिव्याखाली धरला. तो करडा होता. वीसचाही करडा. पंचवीसचाही. पट्टीशी लावले, तर तिघेही चौथ्या गोलाशी जुळले. इतके सारखे, की कुठला कोणता हे मागचा आकडा वाचल्याशिवाय कळेना.

वेलणकरांना बोलावलं. त्यांनी भिंग घेतलं, तीनदा पाहिलं. मग माझ्या हातात हात देऊन तो जोरजोरात हलवला. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"पोचली! उत्तरेची काजळी इथे पोचली, बाई!"

"पण सर, दहाला कोरा आणि पंधराला करडा, असं कसं?"

"उंची. पंधराच्या पुढे पठार चढतं. वरची हवा तिथे खाली उतरते."

"आणि तिन्ही इतके सारखे?"

"तेच तर! जवळची काजळी कमी-जास्त होणार, धुराचा लोट जाईल तशी. लांबून आलेली सगळीकडे सारखी पडणार. तुम्ही शंका फार काढता. लिहायला घ्या."

त्यांनी बिनतारीवरून पुण्याला संस्थेत निरोपही धाडला. दुसऱ्या दिवशी जेवताना ते माझ्या शेजारी येऊन बसले, स्वयंपाक्याला सांगून माझ्या ताटात दोन जिलब्या जास्तीच्या वाढायला लावल्या. मी लिहायला घेतलं. पहिल्या पानावर माझं नाव, त्याखाली त्यांचं. ते पान मी किती वेळ नुसतं बघत बसले, ते सांगायची आता लाज वाटते.

मात्र ते तीन कागद काही मला सोडेनात. खूप सारखे होते ते. कंदिलाच्या चार काचा एका संध्याकाळी चार तऱ्हेने काळ्या होतात, हे माझ्या हाताला ठाऊक होतं. वेलणकरांना आणखी एक नमुना हवा होता, तिसाव्या किलोमीटरचा. तेव्हा मी हटून बसले.

"सर, पहिलं नाव माझं ना? मग ती जागा एकदा माझ्या डोळ्यांनी बघू द्या. नाहीतर नाव चौगुल्यांचं घाला."

"जा," ते म्हणाले. "पण दोर बांधल्याशिवाय गाडीतून पाय खाली टाकायचा नाही."

चोवीस तारखेला आम्ही निघालो. रणगाड्यासारख्या पट्ट्यांची गाडी ताशी आठ-दहाच्या वेगाने चालली होती. चौगुले मध्येच थांबत, उतरून लांब सळईने पुढचा बर्फ टोचून पाहत, परत येत. चार तास लागले. तिसाव्या किलोमीटरवर त्यांनी गाडी वळवून उभी केली, इंजिन बंद केलं. आम्ही कमरेला दोर बांधले, त्यांची दुसरी टोकं गाडीला. ते खाली उतरून पावलं मोजत वाऱ्याच्या दिशेने गेले. पन्नास. मी मागे बाटल्यांची पेटी उघडून बसले होते.

नवे हातमोजे चढवत असताना मला कापराचा वास आला.

पुरचुंडी मी त्या दिवशी मुद्दाम खोलीवर ठेवून आले होते.

मी मान वर केली. चौगुले गुडघ्यावर बसले होते. बर्फात हाताने छोटासा खळगा केला होता, वाऱ्याकडून बर्फाच्या ढेकळांचा आडोसा उभा केला होता, आणि त्या खळग्यात एक ज्योत होती. त्यांनी टोपी काढली, हात जोडले. ज्योतीच्या टोकाला बारीक काळी रेघ निघत होती आणि आडोशावरून येणाऱ्या वाऱ्याने लगेच खाली, बर्फावर दाबली जात होती.

दोर ताणला जाईपर्यंत मी धावत गेले.

"सुभेदार! हे काय करताय?"

ते दचकले नाहीत. लपवायचं काही होतंच कुठे! "झालंच, बाई. इझली की चमचा घालू."

"दर वेळी लावता?"

"नव्या जागंला लावतो. दहापत्तुर आपली वाट हाय, निशाणं हायती. फुडं कोण कधी आलंय? आमच्या बानं जल्मभर हिरी खणल्या, पर कापूर लावल्याबिगार पयली कुदळ कधी मारली न्हाय. जमिनीला इचारून खणावं."

"कुठे लावता?"

"जिथं खणायचं तिथंच की! दुसरीकडं लावून काय उपेग?"

मी बर्फावर बसले. ते घाबरले. "बाई, कापराला काय हुतंय? इंजिन बंद हाय, विडी न्हाय. कापराचं मागं काय ऱ्हातंय का? राख न्हाय, काय न्हाय. म्हणून तर देवाम्होरं लावत्यात."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. कापूर जळतो आणि मागे काही ठेवत नाही. चांगल्या माणसाचं आयुष्य तसं असावं म्हणतात. आईनेही शंभरदा सांगितलं असेल. रसायनशास्त्राची पदवी घेऊन वीस वर्षं झाली, तरी माझ्या अकरा कलमांत विडी होती, इंजिन होतं, लोकरीचे तंतूसुद्धा होते. कापूर नव्हता.

मी स्टीलचा चमचा घेतला आणि ज्योतीवर उपडा धरला. चार-पाच श्वास. मग तो उलटा करून त्यांच्यापुढे केला. चमच्याचं पोट काळंभोर झालं होतं.

चौगुल्यांनी त्यावरून बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं.

"अरारा," ते म्हणाले. "हे तर काजळच."

"कंदिलापेक्षा जास्त काजळी कापूर धरतो."

"आन् म्या परतेक जागंला एकेक वडी."

"एकेकच?"

"एकेकच. मोजून हुत्या वो."

मग मला ते तीन कागद समजले. कारखान्यात साच्यातून निघालेल्या तीन वड्या, एका मापाच्या. वेलणकरांचा सगळा आनंद त्या सारखेपणावर उभा होता.

ज्योत विझली. खरंच मागे राख नव्हती. बर्फ मात्र तळव्याएवढ्या जागेत किंचित मळकट दिसत होता, माहीत असेल तरच दिसेल इतका.

चौगुले टोपी घालत म्हणाले, "बाई, तुमचं नाव हुतं न्हवं त्या कागदावर? पयलं?"

"हो."

"मी कुनाला काय बोलणार न्हाय. गळ्याशप्पत."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं होतं, तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं होतं. तीस किलोमीटरवर त्यांना आणि मला सोडून कुणीही नव्हतं.

"कागद खोटा आहे, सुभेदार," मी म्हणाले. "मला माहीत झालंय, आता तुम्ही गप्प राहून काय उपयोग? चला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला अर्धा किलोमीटर जाऊ. नवा नमुना घेऊ. परत जाताना पंचवीस, वीस, पंधरा, सगळीकडे पुन्हा."

"आन् कापूर?"

"नुसतं विचारा जमिनीला. कापराशिवाय."

त्यांनी विचारलं. चारही जागी. टोपी काढून, डोळे मिटून, ओठ हलवून. मी तोंड वाऱ्याकडे करून थांबून राहिले. परत यायला अकरा तास लागले. सूर्य सगळा वेळ क्षितिजावर फिरत होता, मावळत नव्हताच.

दुसऱ्या दिवशी चारही बाटल्या वितळवल्या. वास आला नाही. कागद काढले. चारही कोरे. भिंगाखाली धुळीचे दोन-तीन तपकिरी कण दिसले, बस्स. मी ते गोल एका ओळीत मांडून वेलणकरांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. कापूर म्हटल्यावर ते आधी मोठ्याने हसले. मग त्यांचं हसणं थांबलं.

"मी पुण्याला कळवलंय, बाई."

"माहीत आहे, सर."

"आता काय कळवू? आमच्या माणसाने अंटार्क्टिकावर आरती केली?"

मी ओळीतला एक तिरका झालेला गोल सरळ केला.

"आणि तुमच्याकडे उरलं काय? कोरे कागद. कोऱ्या कागदांवर कोण निबंध छापतं?"

"कोरे म्हणजे इथे काही नाही. आपल्या डोळ्याला आणि पट्टीला दिसेल इतकी काजळी दहाच्या पुढे नाही. हेही उत्तरच आहे."

"त्या उत्तराने तुम्हाला बढती मिळणार नाही."

"नाही मिळणार."

ते टेबलाशी बसले, मोहिमेच्या अहवालाची वही पुढे ओढली. पेन उघडलं. "मग असं लिहू. सुभेदार चौगुले यांच्या निष्काळजीपणामुळे नमुने दूषित झाले. त्यांच्या पलटणीला तसं कळवणं भाग आहे."

त्या एका ओळीचा अर्थ मला ठाऊक होता. चौगुल्यांचं नाव पुढच्या हुद्द्यासाठी गेलं होतं. बोटीवर त्यांनी मला बायकोचं पत्र वाचून दाखवलं होतं. त्यात तिने नव्या हुद्द्याचं नाव दोनदा लिहिलं होतं, दोन्ही वेळा चुकीचं.

"सर, ती ओळ लिहू नका."

"का?"

"त्यांनी निष्काळजीपणा केला नाही. मी लिहिलेलं प्रत्येक कलम त्यांनी पाळलं. विडी सोडली. कापूर लावू नये असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. आणि कापूर माझा होता. तसं लिहा."

"तुमचा?"

"आईने दिला होता. मीच डबी हातात दिली. कशाला हवा ते विचारलं नाही. बाटल्या वितळवताना वास आला, तोही माझ्या गळ्यातल्या पुरचुंडीचा म्हणून सोडून दिला. दोनदा चुकले, सर. ते कुठे चुकले?"

वेलणकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, हे छापून येईल. लोक तुम्हाला हसतील. निवृत्त होईपर्यंत हसतील."

"हसू द्या."

"विचार करा."

"केलाय. कालच्या अकरा तासांत दुसरं काय केलं?"

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मी लिहिलं: 'नमुने गोळा करण्याच्या सूचना अपुऱ्या होत्या. सूचना देणारीजवळच्या कापराच्या धुरामुळे बारा जानेवारीचे तीन नमुने बाद धरले आहेत.' खाली सही केली. वेलणकरांनी ते वाचलं, माझ्या सहीखाली स्वतःची सही केली आणि बाहेर गेले. त्यांचं मला वाईट वाटलं. त्यांनाही ती काजळी खरी असायला हवी होती, माझ्याहून जास्त.

निबंध झाला नाही. दोन पानांची टीप झाली, संस्थेच्याच एका पत्रिकेत, शेवटच्या पानांत. तिच्यावर नाव मात्र माझं पहिलं होतं. एकटंच होतं. पुढच्या वर्षी बढतीच्या मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "कापूर म्हणजे, आरतीचा कापूर?" आणि चौघेही हसले. मी त्याच हुद्द्यावरून दोन हजार सात साली निवृत्त झाले. संस्थेत मला मागून 'कापूरबाई' म्हणत. समोर कुणी म्हणालं नाही, पण पहिल्या महिन्यातच मला कळलं होतं.

आई शहाण्णव साली गेली. तिला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मंग त्यात काय झालं? पुसायच्या काचा पुसल्या तू." एवढंच. 

वेलणकर पुढे संस्थेचे संचालक झाले. निवृत्तीनंतर दरवर्षी दिवाळीला त्यांचं कार्ड येई. शेवटच्या कार्डावर, दोन हजार अकरा साली, त्यांनी थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: 'ती ओळ मी लिहिली असती तर आज झोप लागली नसती.' त्याच हिवाळ्यात ते गेले.

ते चार कोरे कागद मी काचेच्या डबीत बंद करून ठेवले होते, सोबत पट्टी आणि तीन करडे. निवृत्त होताना कुणी मागितले नाहीत, म्हणून घरी आणले. दोन हजार चौदा साली रेश्मा तडवी नावाच्या मुलीचा फोन आला. जळगावची. तिने त्याच वाटेवर, पंधरापासून तीसपर्यंत, नव्या यंत्रांनी नमुने घेतले होते आणि तिला थोडी काजळी सापडत होती. ती आधीपासून होती की नंतर आली, हे सांगायला तिला जुनं काहीतरी हवं होतं. जुन्या पत्रिका चाळताना तिला माझी दोन पानं सापडली.

"मॅडम," ती अडखळत म्हणाली, "तुमचे ते कोरे कागद अजून आहेत का हो?"

मी डबी तिला दिली. तिच्या निबंधात त्यांचा उल्लेख आहे. माझं नाव शेवटून दुसरं. मला त्याची गंमत वाटली.

चौगुल्यांना तो हुद्दा मिळाला. निवृत्त होऊन ते कागलला गेले, शेती पाहू लागले. दोन हजार अठरा साली त्यांचं पत्र आलं. थोरल्या मुलाने नव्या रानात विहीर धरली होती. 'पयली कुदळ मारायच्या आधी तुमच्या हातचा कापूर पायजे,' असं लिहिलं होतं. मी एकाहत्तर वर्षांची होते, गुडघे दुखत होते. तरी गेले.

रानात शे-दीडशे माणसं जमली होती. चौगुल्यांचे केस पांढरे झाले होते, रुंदी तेवढीच होती. त्यांनी माझ्या हातात एक पत्र्याची डबी दिली. झाकणावरचा गणपती निम्मा उडाला होता, पण मी ती ओळखली. आत एकच वडी होती.

"त्या दिवशी धा उरल्या हुत्या," ते म्हणाले. "नऊ पोरास्नी बोटीवर दिल्या. ही पलास्टिकमधी मेण लावून ठिवली. बाटलीला लावायचो तसं."

मी वडी ठेवायला खाली वाकले आणि सवयीने आधी वारा कुठला आहे ते पाहिलं. मग मागे वळून बघितलं. खोदाईचं यंत्र, दोन ट्रॅक्टर आणि पाहुण्यांच्या मोटारसायकली, सगळं वाऱ्याच्या खालच्या अंगाला, एका रांगेत उभं केलेलं होतं.

"किती?" मी विचारलं.

"पन्नास पावलं," चौगुले म्हणाले. "मोजल्यात."